तांडेल मॅडमचे लाल-निळे ठिपके

पावसाळ्यात तांडेल मॅडमच्या लॅबमध्ये शिरण्याआधी वाळावं लागायचं. छत्री जिन्याखाली, चपला बाहेर, ओढणी पिळून व्हरांड्यातल्या दोरीवर. तरीही केसांतून पाणी गळत असेल तर पंख्याखाली उभं राहायचं. मॅडम दाराच्या काचेतून बघत असायच्या. त्यांनी मान हलवली की आत जायचं. एकदा आमच्या वर्गातला सागर पागधरे शर्टाला हात लावून म्हणाला, "मॅडम, वाळलो." मॅडम म्हणाल्या, "सुकट वाळते तसा वाळ. तू अजून ताजा आहेस."

पालघरजवळच्या, समुद्रकाठच्या मुरब्याच्या होत्या त्या. वडिलांची होडी होती, आई आणि आत्या पालघरच्या बाजारात मासळी विकायच्या. सगळं घर पाण्यावर जगलेलं, आणि ही बाई लॅबमध्ये पाण्याच्या एका थेंबाला घाबरायची. आम्हाला त्याचं हसू यायचं. ती भीती खरी होती आणि तरीही पुरी पडली नाही, हे मी आता लिहू शकते. तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ते दिसलं नव्हतं.

मला व्यक्तींवर लिहिता येतं की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. आमचं गाव मनोरच्या आत, डोंगराच्या बाजूला. पालघरला एम.एस्सी.ला आले तेव्हा रसायनशास्त्र म्हणजे पाठ करायच्या अभिक्रिया एवढीच माझी समजूत होती. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात मला फळ्यासमोर उभं केलं आणि विचारलं, "भोये, हे खरं कशावरून?" मी म्हणाले, पुस्तकात दिलंय. त्या म्हणाल्या, "पुस्तकाला कुणी सांगितलं?" मी रडवेली होऊन खाली बसले. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि डब्यातली बोंबलाची चटणी अर्धी भाकरीवर ठेवून दिली. "शंका घ्यायला फी लागत नाय," म्हणाल्या. रागात किंवा मायेत असल्या की त्यांची भाषा मुरब्याला जायची. एरवी फार जपून, शुद्ध बोलायच्या.

त्या तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत, नव्यानं नेमणूक, आणि मार्च-एप्रिलमध्ये सगळं संपलेलं. पीएच.डी. अर्धी झालेली. कायमची जागा निघाली की पहिलं नाव तुमचं, असं प्राचार्य त्यांना दरवर्षी सांगायचे. हे सगळ्या विभागाला माहीत होतं, अगदी शिपायालासुद्धा.

त्यांच्या पीएच.डी.चा विषय तोंडाच्या कॅन्सरचा होता. ज्यांना हा विषय ठाऊक नाही त्यांच्यासाठी जमेल तसं सांगते. विस्तवाजवळ हात नेला की ऊब लागते, तसले न दिसणारे किरण असतात. त्यांना अवरक्त म्हणतात. हे किरण एखाद्या पदार्थातून सोडले की त्यातले रेणू आपापल्या वाट्याचे किरण खातात आणि थरथरतात. जे उरतं ते पलीकडे निघतं आणि कॉम्प्युटरवर एक रेष उमटते. जिथं किरण खाल्ले गेले तिथं रेषेला खड्डा. तेलाचे खड्डे वेगळे, साखरेचे वेगळे, मांसाचे वेगळे. कॅन्सर झालेल्या पेशीत प्रथिनं, चरबी, साखर यांचं आपसातलं प्रमाण बदलतं, रेणूंची ठेवण बदलते, म्हणून तिची रेषही बदलायला हवी. डॉक्टरच्या डोळ्याला काही दिसायच्या आधी रेषेला दिसेल का, हा मॅडमचा प्रश्न होता. त्या हा प्रश्न फळ्यावर लिहून ठेवायच्या आणि कुणाला पुसू द्यायच्या नाहीत.

मशीन तारापूरच्या एका औषध कंपनीनं दिलं होतं. त्यांनी नवं घेतलं म्हणून जुनं कॉलेजला. टेम्पोतून उतरवताना बोईसरच्या हमालांपैकी एक जण म्हणाला, "मॅडम, इतना छोटा फ्रिज?" मॅडम त्याच्या मागेमागे जिना चढत होत्या, दोन्ही हात पुढं करून, जणू मशीन पडलं तर त्या झेलणार होत्या. प्राचार्यांनी पूजा ठेवली होती. मॅडमनी उदबत्ती लावू दिली नाही, धूर आत जाईल म्हणून. मग हार घालू दिला नाही, ओला आहे म्हणून. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, देवाला तरी आत येऊ द्या." त्या म्हणाल्या, "सर, वाळून आले तर येऊ देत."

नमुना ठेवायचं झाकण उघडलं की आम्ही सगळ्यांनी श्वास धरायचा, हा त्यांचा दुसरा नियम. श्वासातला वायू आणि वाफसुद्धा रेषेत उमटते. सागर एकदा नेमका तेव्हाच शिंकला. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी ती रेष छापून काढली, खाली 'श्री. पागधरे यांची शिंक' असं सुबक अक्षरात लिहिलं आणि भिंतीवर डकवली. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्या ती रेष दाखवून शिकवायच्या. सागरला त्याचा अभिमान वाटायला लागला होता.

आता कामाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

निरोगी तुकडे बोईसरच्या एका दातांच्या डॉक्टरांकडून मिळाले. अक्कलदाढ काढताना हिरडीचा जरासा भाग निघतो, तो रोग्याची लेखी संमती घेऊन. हे काम उन्हाळ्यात झालं. कॅन्सरचे तुकडे एका हॉस्पिटलकडून यायचे होते, पण तिथल्या समितीची परवानगी लांबत गेली आणि ते आले भर पावसाळ्यात. तुकडा वाळवायचा, खरलात घोटायचा, एका पांढऱ्या क्षाराच्या भुकटीत मिसळायचा आणि दाबयंत्रात घालून काचेसारखी चकती पाडायची. ती भुकटी हवेतलं पाणी ओढते. म्हणून तर आमचं ते वाळणं. मॅडम भुकटी भट्टीत ठेवायच्या, एसी लावायच्या, लाइट गेली की काम थांबवायच्या. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट किती वेळा जाते ते इथल्यांना सांगायला नको. पण त्यांना वाटलं, आपण इतकी काळजी घेतोय, म्हणजे पाणी आत आलेलं नाही.

हिवाळ्यात सगळ्या रेषा एकत्र करून कॉम्प्युटरला दिल्या. तो प्रत्येक रेषेचा एक ठिपका करतो. सारख्या रेषा जवळ, वेगळ्या लांब. मॅडमनी निरोगी नमुन्यांना निळा रंग दिला होता, कॅन्सरच्या नमुन्यांना लाल. पडद्यावर ठिपके उमटले. सगळे निळे एका बाजूला, सगळे लाल दुसऱ्या. मध्ये रिकामी जागा, खाडीसारखी. मॅडमनी पडद्याजवळ जाऊन ठिपके मोजले. मग म्हणाल्या, "चला, चहा पिऊ." गेटाबाहेरच्या टपरीवर त्या आम्हाला त्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होत्या आणि अधूनमधून उगाच हसत होत्या.

मग सत्कार झाला. जांभळी रेशमी साडी नेसून मॅडम स्टेजवर ताठ बसल्या होत्या. शाल, श्रीफळ, फोटो. विभागाच्या दारावर 'कर्करोग निदान संशोधन केंद्र' असा बोर्ड लागला, कारण पुढच्या वर्षी कॉलेजच्या तपासणीला समिती येणार होती. एका बातमीदारानं विचारलं, न कापता कॅन्सर कळणार का? मॅडम म्हणाल्या, त्याला अजून खूप वेळ आहे. पेपरात छापून आलं, 'न कापता कॅन्सर ओळखणार, मुरब्याच्या कन्येची कमाल.' मॅडमनी ते दोनदा वाचलं. "बातमीदारांना घाई असते," एवढंच म्हणाल्या आणि कात्रण घडी घालून पर्समध्ये ठेवलं. पेपरला खुलासा पाठवू या, असं त्या म्हणाल्या नाहीत. आम्हीही सुचवलं नाही. त्या खूश होत्या, आणि त्यांना खूश बघायची आम्हाला सवय नव्हती.

होळी होऊन गेल्यावर एके दुपारी त्यांची आत्या लॅबच्या दाराशी येऊन उभी राहिली. बाजारातून थेट आली होती, मासळीची पाटी शिपायाच्या खुर्चीवर ठेवून. कमळआत्या. मॅडमची आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्यांना शिकवलं होतं. लुगडं वर खोचलेलं, कानात सोन्याच्या जाड बाळ्या, दात मिश्रीनं काळे.

"या मशीनीत बघ जरा माझं," तिनं गालाच्या आत बोट घालून दाखवलं. आत एक पांढरा चट्टा होता. "तिखट लागलं का आग होते."

मॅडमचा चेहरा उतरला. "कधीपासून हाय? डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं ना. तो म्हनतो तुकडा काढू. शेजारच्या बायचा काढला, ती गेली. सुरी लागली का उठतं ते."

"ती उशिरा गेली होती दवाखान्यात. तुकड्यानं काय होत नाय, आत्या."

"ते मला नको सांगू. न कापता बघते तू, पेपरात आलंय. आख्ख्या बाजारात वाचून दाखवलं मी."

"पेपरवाल्यानं चुकीचं लिवलंय. हे शिकायचं मशीन हाय. दवाखान्याचं नाय."

आत्यानं आमच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या सत्काराच्या फोटोकडे. "मंग ती शाल कशाची घेतलीस?"

सागर खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मॅडमनी समोरची वही मिटली. मला वाटलं, आता त्या आत्याला हाताला धरून दवाखान्यात नेतील. त्यांनी नेलं असतं तर, असं मी अजून म्हणते. पण त्यांनी ड्रॉवरमधून लाकडी पट्टी काढली, आत्याच्या गालातल्या चट्ट्यावरून अलगद फिरवली, आलेल्या पेशी वाळवल्या, चकती पाडली. बाहेर कडक ऊन होतं. आत्या स्टुलावर पाय वर घेऊन बसली होती आणि आम्ही श्वास धरल्यावर तीही गाल फुगवून बसली.

ठिपका निळ्यांमध्ये पडला. अगदी मधोमध.

"निळा म्हंजे चांगला ना?" आत्यानं विचारलं.

"चांगला. पण तरी तू डॉक्टरकडं जायचंस. मी सांगते म्हणून."

"चांगला हाय तर कशाला जाऊ? तुजं आपलं कायतरीच." तिनं पाटीतलं एक पापलेट काढून कागदात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "मास्तरणीला करून घाल. पोर सुकली हाय." जिन्यावरून उतरताना ती कुणाला तरी मोठ्यानं सांगत होती, माझा निळा आला.

मॅडमनी तिला त्यानंतर फोन केले, हे मला माहीत आहे. माझ्यासमोर केले. डॉक्टरकडे गेलीस का, असं विचारायच्या. आत्या म्हणायची, जाईन. पण मॅडमच्या आवाजात जोर नसायचा. त्यांनाही तो निळा ठिपका हवा होता.

पाऊस सुरू झाला, नवीन वर्ग आला. जुलैमध्ये एकदा मॅडम त्यांना ठिपके कसे पडतात ते दाखवत होत्या. मी आणि सागर मदतीला होतो. नमुना हवा होता. मॅडमनी लाकडी पट्टी घेतली आणि आपल्याच गालातल्या पेशी काढल्या. "बघू तांडेलबाई किती निळ्या आहेत," असं म्हणाल्या. मुलं हसली.

ठिपका लालमध्ये पडला.

मॅडमनी जिभेनं आपला गाल आतून चाचपून पाहिला, नकळत. त्यांनी दुसरी चकती केली. तीही लाल. मग म्हणाल्या, "भोये, तू ये." मी पुढं झाले. माझ्या गालावरून पट्टी फिरली तेव्हा मला माझ्या वडिलांची तंबाखू आठवली, तंबाखूचा वास असलेलं आमचं घर आठवलं, आणि मी देवाचं नाव घेतलं. माझाही ठिपका लाल. सागर पुढं आला, तोही लाल. नव्या वर्गातली एक मुलगी रडायला लागली. मागून कुणीतरी विचारलं, "मॅडम, आपल्या सगळ्यांनाच झालाय का?"

मॅडम खिडकीकडे वळल्या. तारांवरून पाणी निथळत होतं. काचेला आतून वाफ धरली होती. त्यांनी बोटानं ती पुसली आणि ओलं बोट बघत राहिल्या.

"कुणाला काय झालेलं नाय," त्या म्हणाल्या. "हा पाऊस आहे." त्यांनी आम्हाला समजावलं, फार हळू आवाजात. प्रथिनांचा मोठा खड्डा रेषेत जिथं उमटतो, पाण्याचाही तिथंच उमटतो. निरोगी तुकडे त्यांनी उन्हाळ्यात तपासले होते, कॅन्सरचे पावसात. मशीननं दोन ढीग बरोबर वेगळे केले होते. एक उन्हाळ्याचा होता, एक पावसाळ्याचा. कॅन्सरची खूण त्यात असेलही, पण या कामावरून ते कुणालाच सांगता येत नव्हतं. एकाच रोग्याचे दोन्ही तुकडे एकाच दिवशी तपासायला हवे होते. "बी.एस्सी.च्या पोरालाही कळेल अशी चूक," म्हणाल्या. आणि मग त्यांच्या तोंडून एवढाच शब्द आला, "आत्या."

आम्हाला कळायला क्षणभर लागला. आत्याचा ठिपका कडक उन्हात पडला होता.

त्यांनी कॉम्प्युटरही बंद केला नाही. "चल," मला म्हणाल्या. रिक्षा करून आम्ही मुरब्याला गेलो. मासेमारी बंद होती, होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांच्यावर निळं प्लास्टिक टाकलेलं. आत्या ओसरीवर सुकी मासळी निवडत बसली होती. डावा गाल सुजला होता. तोंड पुरतं उघडत नव्हतं, शब्द दातांमागून येत होते.

मॅडम तिच्या समोर जमिनीवर बसल्या. भिजल्या होत्या, केसांतून पाणी गळत होतं. "आत्या, माझं चुकलं. तो निळा खरा नव्हता."

"म्हंजे?"

"मशीनला कळतच नव्हतं. उन्हात सगळे निळे येतात. आज माझा लाल आला. हिचा लाल आला."

आत्यानं मला नीट निरखलं. "हिला झालाय?"

"नाय गं. कुणालाच नाय. तेच सांगते. तुझं मशीननं काय सांगितलंच नाय. आत्ताच्या आत्ता चल, तुकडा काढून बघू. मी येते, तुझ्या बाजूला बसते."

आत्या बराच वेळ हातातली सुकट निवडत राहिली. मग म्हणाली, "तेव्हा निळा. आज लाल. उद्या हिरवा सांगशील. तुजं काय खरं मानू मी?"

"डॉक्टरचं मान. माझं नको मानू."

"सगळ्यांना सांगितलं मी, माझी पोर बघते म्हणून. आता जाऊन सांगू का तिला काय कळत नाय?" ती उठली. "भिजलीस. डोकं पूस. चाय टाकते."

मॅडमनी हात जोडले, आवाज चढवला, शेवटी रडल्या. शेजारच्या बायका दारात जमल्या. त्यातली एक म्हणाली, "पोर शिकून येडी झाली." आत्यानं तिला गप्प बसवलं, पण ती काही आली नाही. दुसऱ्या दिवशी मॅडम परत गेल्या, त्यानंतरही गेल्या. गणपतीनंतर रक्त यायला लागलं तेव्हा आत्या तयार झाली. मुंबईच्या डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं. ती पुढची होळी बघू शकली नाही. मी मातीला गेले होते. तिथं बायका आपसात बोलत होत्या, पोरीनं मशीनीत घातलं तेव्हापासून बिघडलं. मॅडमना ते ऐकू येत होतं. त्यांनी कुणाला काही समजावलं नाही.

मधल्या काळात त्या प्राचार्यांकडे गेल्या होत्या. मी फायली घेऊन केबिनच्या दारात उभी होते, म्हणून ऐकलं. बोर्ड काढा, पेपरात खुलासा द्या, परिषदेला पाठवलेला निबंध मी मागे घेतेय, असं त्यांनी सांगितलं.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी मॅडमना बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाले, "तुमच्या घरात दुखणं आहे, तुम्ही थकलाय. चूक असेल तर पुढच्या वर्षी शांतपणे सुधारू. तपासणी समिती येऊन जाऊ दे. संशोधनात असं होतंच की."

"सर, लोक बोर्ड वाचून येतायत."

"त्यांना सांगू, अजून सुरू व्हायचंय."

"आत्याला मी तेच सांगितलं होतं, सर."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "जागा निघतेय, मॅडम. तुमच्या कामावरच निघतेय. थोडं स्वतःकडे बघा."

मॅडमनी निबंध मागे घेतला. पेपरला स्वतः खुलासा पाठवला, तो छापून आला नाही. नवे तुकडे मिळावेत म्हणून त्या हॉस्पिटलकडे गेल्या, तर तिथले डॉक्टर म्हणाले, आता समितीपुढे परत कोण जाणार. तपासणी समिती कॉलेजात आली, बोर्ड बघून गेली, मशीनवरची साटीनची खोळ काढून फोटो घेतले. कायमची जागा निघाली ती दुसऱ्या एका सरांना मिळाली. ते चांगलं शिकवतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. मॅडमना त्या जूनमध्ये तासिकेच्या मुलाखतीलाही बोलावलं नाही. त्यांनी लॅबच्या किल्ल्या शिपायाकडे दिल्या आणि भिंतीवरची सागरची शिंक तेवढी काढून नेली. मशीन कुणी चालवत नाही. बोर्ड आहे.

त्या आता तारापूरच्या एका कंपनीत आहेत, आलेल्या कच्च्या मालाची तपासणी करतात. पोत्यावर जे नाव आहे तेच आत आहे का, एवढं बघायचं. एकदा बोईसर स्टेशनबाहेर कंपनीच्या बसची वाट बघताना भेटल्या. मी विचारलं, पीएच.डी.? त्या म्हणाल्या, "तुझी कर तू." मग विचारलं, "अजून माणसं येतात का गं तिकडं?" मी म्हणाले, येतात. आमचा जुना शिपाई त्यांना तुमचा नंबर देतो. "माहीत आहे," त्या म्हणाल्या. तेवढ्यात बस आली.

शेवटचं पाहिलं ते या पावसाळ्यात. आईचे डोळे दाखवायला मी पालघरच्या सरकारी दवाखान्यात गेले होते. बाकावर मॅडम बसलेल्या. ड्युटी करून थेट आल्या असाव्यात, कंपनीचा निळा कोट हातावर होता. शेजारी एक म्हातारा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, बोलीवरून तारापूरजवळच्या नवापूरचा कोळी वाटला. त्याचा एक गाल सुजला होता. त्याच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक जुनं पिवळं कात्रण होतं. ते कोणतं, हे मला लांबूनही कळलं. मी हाक मारणार होते, पण तो बोलत होता.

"मशीन कुठं हाय गं पोरी?"

"आत हाय, काका. त्या दाराच्या आत."

"पेपरातली मशीनच ना ती?"

"तीच."

"कापनार नाय ना? कापनार असतील तर मी चाललो. माझ्या भावाला कापलं न् तो गेला."

मी मॅडमकडे बघत होते. 'खरं कशावरून' असं विचारून मला रडवणारी, हातातली नोकरी गेली तरी बोर्ड काढा म्हणणारी ही बाई आता काय सांगेल ते मला ऐकायचं होतं.

"मशीनला बघायला मुंगीएवढं मांस लागतं," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तेवढं डॉक्टर काढून देतील. कळणारपण नाय. मग मशीन सगळं सांगते."

"बरोबर सांगते?"

"एकदम बरोबर."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. त्याचं नाव पुकारलं. मॅडमनी त्याला दंडाला धरून उठवलं. दार उघडलं तेव्हा मला आतलं दिसलं. एक टेबल होतं, एक लांब मानेचा दिवा, आणि हातमोजे घालत असलेला तरुण डॉक्टर. बाकी भिंती रिकाम्या, मशीन कुठंच नाही. म्हातारा उंबऱ्यावर थबकला, इकडेतिकडे बघायला लागला. मॅडमनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला हळूच पुढं ढकललं, आणि दार आपल्या हातानं ओढून घेतलं.